खडू, चिकणमाती आणि समुद्र : आइल ऑफ वाइटच्या किनाऱ्याने

शुक्रवार

आइल ऑफ वाइट हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला लागून असलेलं बेट. क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षाही लहान. वस्ती १ लाख ४० हजारांच्या आसपास. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामध्ये सोलंट नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे. बेटावर मोटार नेता येते, पण आम्ही नेली नाही. तिथल्या बसगाड्या चांगल्या आहेत, आणि किनारा पाहायचा तर बसच्या वरच्या मजल्यावरून जास्त दिसतो. आम्ही म्हणजे मी, नवरा, डायनोसॉरांनी झपाटलेली आमची लेक आणि उन्हाळ्यापुरती महाडहून आमच्याकडे रेडिंगला आलेली आई.

पोर्ट्समथजवळच्या साउथसीहून राइडला हॉवरक्राफ्ट जातं. बोटींचे पर्याय बरेच आहेत, तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने हॉवरक्राफ्टनेच जावं असं माझं ठाम मत आहे. वर्षभर प्रवासी नेणारी अशी सेवा जगात आता फार थोड्या ठिकाणी आहे. पंखे खाली हवा ढकलतात, भोवतीची रबरी झालर ती हवा धरून ठेवते आणि सगळं धूड पाण्यापासून थोडं वर उचललं जातं. सोलंट ओलांडायला दहाएक मिनिटं लागतात. राइडला ते धक्क्याला लागत नाही, समुद्रातून सरळ किनाऱ्यावर चढतं आणि हवा सोडून खाली बसतं. आई दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसली होती. उतरल्यावर म्हणाली, "आपल्या सावित्रीच्या खाडीत असलं एक पाहिजे होतं. चिखलाचं कसलं भयच नाही."

ती बोलली ते अगदी नेमकं होतं. राइडची पुळण इतकी उथळ आहे की ओहोटीला पाणी दूरवर मागे जातं. जुन्या काळी प्रवाशांना त्या ओल्या रेतीतून गाडीत घालून नाहीतर पाठीवर घेऊन आणावं लागे. म्हणून १८१४ मध्ये इथे समुद्रात लांबवर आत जाणारा धक्का बांधला, आणि पुढे वाढवत तो जवळजवळ ७०० मीटरचा केला. हॉवरक्राफ्टही याच बेटाचं अपत्य. ख्रिस्तोफर कॉकरेल या अभियंत्याच्या कल्पनेवरून पहिलं हॉवरक्राफ्ट, एसआर-एन-वन, इथल्याच काउझच्या सॉन्डर्स-रो कंपनीने बांधलं आणि १९५९ मध्ये पाण्यावर उतरवलं.

पुळणीवरून समोर पाण्यात गोल किल्ले दिसतात. १८५९ च्या शाही आयोगाने फ्रेंच आरमाराच्या धास्तीने सुचवलेले हे जलदुर्ग. पोर्ट्समथचं नाविक ठाणं राखायला भर समुद्रात दगड रचून उभे केले, आणि लढाईची वेळ यायच्या आतच ती भीती सरली. नवऱ्याने खांदेरीची आठवण काढली. मुंबईकर इंग्रजांच्या डोळ्यांदेखत १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं, तेव्हा समुद्रातल्या किल्ल्याचा धाक याच इंग्रजांनी घेतला होता.

पुढे शँकलिनपर्यंत छोटी रेल्वे आहे. राइडच्या बोगद्याची उंची कमी, त्यामुळे नेहमीचे डबे आत जात नाहीत. लंडनच्या भुयारी रेल्वेतून निवृत्त झालेले डबे नव्याने घडवून इथे चालवतात. शँकलिनहून बसने व्हेंटनर. मुक्काम तिथेच.

शनिवार

व्हेंटनर हे पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राकडे उतरणारं गाव आहे. पाठीशी सेंट बोनिफेस डाउन, २४१ मीटरचा बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर. तो उत्तरेचा वारा अडवतो आणि दक्षिणेचं ऊन गावावर परतवतो. इंग्लंडात मे महिन्यात सकाळी स्वेटर न घालता बाहेर बसता आलं यातच सगळं आलं.

या उबेसाठीच १८६९ मध्ये इथे क्षयरोग्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. प्रत्येक रुग्णाला दक्षिणेकडे तोंड असलेली स्वतंत्र खोली आणि सज्जा. औषध नव्हतं तेव्हा ऊन, हवा आणि विश्रांती हाच उपचार होता. कार्ल मार्क्सही छातीच्या दुखण्यासाठी १८८२ च्या हिवाळ्यात या गावात येऊन राहिला होता. प्रतिजैविकं आली आणि १९६४ मध्ये रुग्णालय बंद झालं. आता त्या जागेवर वनस्पती उद्यान आहे. माणसाहून उंच वाढलेले एकियमचे निळे तुरे, ताडाच्या जातीची झाडं, भिंतींवर ऊन खात पडलेले सरडे. आई एका बाकावर बराच वेळ बसली. तिच्या चुलत्यांना मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये ठेवलं होतं. ती लहान असताना वडिलांबरोबर त्यांना भेटायला जायची, पण आत सोडत नसत. "खिडकीतून हात हलवायचे," एवढंच ती म्हणाली.

दुपारी स्टीपहिल कोव्हला चालत गेलो. गाडीरस्ता नसलेली ही छोटी खोबण आहे. खेकडे आणि शेवंडी धरायचे सापळे, चार-दोन लाकडी घरं, पांढऱ्या भिंती. खेकड्याचं सारण भरलेली गरम पेस्टी तिथे मिळते. आमच्या घरात कुर्ल्यांचं कालवण म्हणजे सण, त्यामुळे आईचा निकाल काय लागतो याकडे सगळ्यांचं लक्ष होतं. खेकडा ताजा आहे, एवढं तिने लगेच मान्य केलं. मिरी मात्र तिने पिशवीतून काढून वरून घातली.

संध्याकाळी मी आणि लेक सेंट बोनिफेसवर चढलो. चढ छातीवर येतो. या गावाच्या डोंगरांशी आपल्याकडच्या एका माणसाची गाठ पडली होती. लंडनला बॅरिस्टरीचा अभ्यास करत असताना मोहनदास गांधी व्हेंटनरला आले होते आणि एका शाकाहारी कुटुंबात राहिले होते. शाकाहाराच्या प्रचारसभेत बोलायचं म्हणून त्यांनी भाषण लिहून आणलं. उभे राहिले तर डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग कापायला लागलं. शेवटी सोबतच्या मजमुदारांनी ते कागद वाचून दाखवले. घरमालकिणीची मुलगी त्यांना आसपासच्या टेकड्यांवर फिरायला घेऊन गेली. उतरताना उंच टाचांचे बूट घालून ती बाणासारखी खाली पोचली आणि हे अधूनमधून बसत, सरपटत, धडपडत उतरले. दोन्ही हकिकती त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवल्या आहेत. ती टेकडी हीच का, ते त्यांनी लिहिलेलं नाही. पण मी हे लेकीला त्या उतारावर उभं राहून सांगितलं. ज्याला एक पानभर वाचताना पाय लटपटले, त्याच्या शब्दावर पुढे लाखो माणसं उठून उभी राहिली. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलीला ही गोष्ट डोंगरावरच सांगायला हवी होती.

रविवार

बेटाचं पश्चिम टोक. उघड्या छताच्या बसने अॅलम बे, तिथून खुर्च्यांच्या रोपवेने किनाऱ्यावर. समोर नीडल्स, म्हणजे सुया. पांढऱ्या खडूचे तीन सुळके ओळीने समुद्रात शिरलेले, आणि शेवटच्याच्या पायाशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह, १८५९ चं. १९९४ पर्यंत त्यात माणसं राहत. पूर्वी सुळके चार होते. सुईच्या आकाराचा तो चौथा १७६४ च्या वादळात कोसळला आणि नाव मात्र उरलेल्यांना चिकटलं.

किनाऱ्यावरून बोट नीडल्सच्या जवळ नेते. ती फेरी छान आहे, पण मला थांबवलं ते किनाऱ्यावरच्या कड्याने. अॅलम बेची वाळू रंगीत आहे. पांढरी, पिवळी, गेरूसारखी, गुलाबी, राखाडी, काळसर. हे रंग आडव्या थरांत नाहीत. थर उभे आहेत, कपाटात लावलेल्या पुस्तकांसारखे. आफ्रिका युरोपवर रेटत आली, आल्प्स उचलले गेले, त्या रेट्याची लाट इथवर पोचली आणि आडवे पसरलेले थर काटकोनात उभे राहिले. म्हणून इथे किनाऱ्याने चाललं की काही पावलांत लाखो वर्षं ओलांडली जातात.

खाडीच्या दक्षिण टोकाला पांढरा खडू संपतो आणि मातकट रंगीत थर सुरू होतात. तो सांधा बेताच्या अंतरावरून पाहिला. कड्याखाली उभं राहणं धोक्याचं आहे, दगड सुटतात. सांधा अगदी साधा दिसतो. अलीकडे पांढरं, पलीकडे लालसर. पण खडू डायनोसॉरांच्या काळातल्या समुद्राच्या तळाशी साचलेला, आणि पलीकडचे थर साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे. मधल्या जवळजवळ दोन कोटी वर्षांचं काहीच इथे उरलेलं नाही. तेव्हा समुद्र हटला होता, आणि जे साचलं असेल ते धुऊन गेलं. आणि नेमकं त्याच मधल्या काळात, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आपल्याकडे लाव्हाचे थरांवर थर पडत होते. रायगड ज्यावर उभा आहे तो काळा कातळ तेव्हाचा. इथे जे हरवलंय ते आपल्या दाराशी जसंच्या तसं पडून आहे. आईला हे सांगितल्यावर तिने विचारलं, "म्हणजे हा पांढरा डोंगर रायगडापेक्षा म्हातारा आणि ही वाळू रायगडापेक्षा लहान?" इतक्या सोप्या शब्दांत मला ते सांगता आलं नसतं.

कड्यातली वाळू काढायला मनाई आहे. वरच्या दुकानात रंगीत वाळू काचेच्या बाटलीत आपल्या हाताने भरून घेता येते. लेकीने दीपगृहाच्या आकाराची बाटली भरली.

अॅलम बेला मार्कोनीचं स्मारक आहे. १८९७ मध्ये त्याने इथल्या हॉटेलात बिनतारी संदेशांचं केंद्र उभारलं आणि समुद्रातल्या बोटींशी संधान साधलं. जरा वर, नीडल्सच्या माथ्यावरच्या जुन्या तोफखान्याशेजारी, ब्रिटनच्या अग्निबाणांची इंजिनं कड्यावर बांधून पेटवून पाहत. त्यातल्या ब्लॅक अॅरोने १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून प्रॉस्पेरो उपग्रह अवकाशात नेला. तोवर सरकारने कार्यक्रम गुंडाळायचं ठरवलेलंही होतं. सिमेंटचे ते ओटे अजून आहेत. मला ते फार उदास वाटले. इतकी मेहनत करून यश हाती येताना काम बंद व्हावं, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

तिथून टेनिसन डाउनवरून फ्रेशवॉटर बेपर्यंत चाललो. या चालीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा. पायाखाली आखूड मऊ गवत, चंडोलांचं गाणं वरून सतत, डावीकडे सोलंट, उजवीकडे खडूचा सरळ तुटलेला कडा. कुंपण नाही, म्हणून लेकीचा हात सोडला नाही. १४७ मीटर उंचीवरच्या माथ्यावर ग्रॅनाइटचा क्रूस आहे. कवी टेनिसन १८५३ पासून खालच्या फॅरिंगफर्डमध्ये राहायचा आणि रोज या टेकडीवर फिरायला यायचा, त्याच्या स्मरणार्थ तो उभारलेला. फ्रेशवॉटरमध्ये त्याची शेजारीण ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कॅमेरा हातात आला आणि तिने कोंबड्यांच्या खुराड्याची काचखोली करून माणसांचे असे चेहरे टिपले की छायाचित्रण ही कला आहे हे लोकांना मानावं लागलं. तिचं डिंबोला हे घर आता संग्रहालय आहे.

सोमवार

लेकीचा दिवस. कॉम्प्टन बेपाशी ओहोटी पाहून उतरलो. इथली माती लाल-तपकिरी, मऊ, सारखी ढासळणारी. सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वी इथे नदीचं पूरमैदान होतं आणि त्या चिखलात डायनोसॉर चालत होते.

हॅनोव्हर पॉइंटला पाणी ओसरलं की शेवाळलेल्या दगडांत तीन बोटांचे मोठे दगड पडलेले दिसतात. पाऊल चिखलात रुतलं, खड्डा झाला, त्यात वाळू भरली, तिचा दगड झाला. भोवतीची मऊ माती समुद्राने नेली आणि पावलाचा साचा सुटा होऊन खाली पडला. इग्वानोडॉनच्या जातीच्या शाकाहारी प्राण्याची ही पावलं. लेकीने एका साच्याच्या मधल्या बोटावर आपला पाय ठेवला. तिचा अख्खा पाय त्या बोटात मावला. टाचेकडची कड गोल झिजली होती आणि तिच्या खोबणीत समुद्रगोगलगाई चिकटून बसल्या होत्या. जवळच दगड झालेल्या झाडांचे ओंडके पाण्यातून वर डोकावत होते. किनाऱ्यावर सुटे पडलेले बारके जीवाश्म उचलता येतात, कड्याला हातोडी लावायची नाही, आणि पावलांचे साचे आहेत तिथेच राहू द्यायचे. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला आपल्याकडेही डायनोसॉरांची हाडं सापडलेली आहेत, हे तिला कळल्यापासून पुढची सुट्टी वरोऱ्याकडे न्यायची मागणी सुरू झाली आहे. ती मी पुरी करणार.

कॉम्प्टनवरून जाणारा मिलिटरी रोड हा या बेटावरचा सर्वांत देखणा रस्ता, आणि सर्वांत धोक्यातला. काही ठिकाणी कड्याची धार डांबराच्या अगदी जवळ आली आहे. मग बसने पुढे सेंट कॅथरिन्स टोकाकडे. टेकडीवर 'पेपरपॉट' म्हणून ओळखला जाणारा अष्टकोनी दगडी मनोरा आहे, इंग्लंडातलं एकमेव शिल्लक मध्ययुगीन दीपगृह. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खाली अॅथरफील्डच्या खडकावर दारूची पिंपं नेणारं जहाज फुटलं. गोडटन नावाच्या इथल्या जमीनदाराने वाहून आलेली पिंपं लाटली. ती दारू एका मठाच्या मालकीची निघाली, म्हणून शिक्षेदाखल त्याला हे दीपगृह बांधायला लावलं. १३२८ मध्ये ते उभं राहिलं. पण इतक्या उंचावर धुकं दाटतं आणि दिवा खाली दिसतच नाही. अठराव्या शतकात शेजारी दुसरं बांधायला घेतलं आणि अर्धवट सोडलं. १८३६ मध्ये वेस्ट इंडीजहून येणारं क्लॅरेंडन ब्लॅकगँगच्या किनाऱ्यावर फुटलं, बरीच माणसं गेली, तेव्हा कुठे खाली समुद्राजवळ आजचं दीपगृह आलं. तेही धुक्यात बुडायला लागलं, म्हणून १८७५ मध्ये त्याची उंची कमी केली. १ जून १९४३ ला इथे बॉम्ब पडला आणि तीन दीपगृहरक्षक ठार झाले. पाटीवरची ती ओळ वाचून मी पदर नसताना पदर सावरल्यासारखी ओढणी डोक्यावर घेतली.

या दक्षिण किनाऱ्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते जमिनीचं. वर खडू आणि वालुकाश्म, त्यातून पावसाचं पाणी झिरपतं. खाली गॉल्ट नावाची चिकणमाती, तिला इथले लोक 'ब्लू स्लिपर' म्हणतात. पाणी तिच्यावर अडतं, ती बुळबुळीत होते आणि वरचा सगळा भार समुद्राकडे सरकतो. नायटन ते ब्लॅकगँग हा जुना रस्ता १९२८ मध्ये असाच गेला. डिसेंबर २०२३ मध्ये बॉनचर्चला मोठी दरड सरकली. व्हेंटनर गाव तर पुरातन भूस्खलनाच्या ढिगाऱ्यावरच वसलेलं आहे. भिंतींत तिरक्या भेगा दिसतात, रस्त्यांना मधेच पायरी आलेली असते. पण गावाच्या जमिनीचे तपशीलवार नकाशे केलेले आहेत. कुठला भाग किती हलतो याची मोजणी चालू असते आणि नवं बांधकाम करायचं तर आधी तो नकाशा बघितला जातो.

आम्ही महाडकडचे. २०२१ च्या जुलैत तळीये दरडीखाली गेलं तेव्हा आई घरी होती, पुराचं पाणी उतरल्यावर तिने भाकऱ्या करून पाठवल्या होत्या. व्हेंटनरच्या त्या भेगा बघताना ती मला म्हणाली, "यांना माहीत आहे की आपली जमीन चालते. आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं." सह्याद्रीचा दगड वेगळा, पाऊस कितीतरी पट जास्त. तरीही पायथ्याच्या प्रत्येक वाडीच्या वरच्या उताराचा असा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलेला असावा आणि तो वाचायला गावाला शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

मंगळवार

परतीची बोट पूर्व काउझहून, त्यामुळे सकाळ ऑझबर्नमध्ये. व्हिक्टोरिया राणी आणि अल्बर्टने १८४५ मध्ये ही जागा घेतली, आणि २२ जानेवारी १९०१ ला राणी इथेच वारली. तिचा खाजगी किनारा आता सगळ्यांसाठी खुला आहे. तिचं चाकांवरचं स्नानघर तिथे ठेवलंय. रुळांवरून ते पाण्यात ढकलत आणि राणी आतूनच समुद्रात उतरे. पुळण लहान, झाडं पाण्यापर्यंत आलेली. लेक शेवटचं डुंबून आली.

वाड्यातला दरबार हॉल मात्र पुळणीइतका हलका नाही. लाहोरचे भाई राम सिंग यांनी १८९० च्या सुमारास तो सजवला. भिंतीभर पांढरं नक्षीकाम, शेकोटीवर पिसारा फुलवलेला मोर. काम इतकं नाजूक आहे की जवळ गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो. बाहेरच्या मार्गिकेत श्वोबोडा या चित्रकाराने रंगवलेली हिंदी माणसांची चित्रं आहेत. त्यातले काही कारागीर १८८६ च्या लंडनमधल्या प्रदर्शनासाठी आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले. विणकर, कुंभार. त्यांच्या नजरेला नजर देत मी प्रत्येकापुढे थांबले.

काचेच्या कपाटांत राणीच्या महोत्सवांना हिंदुस्थानातून आलेली मानपत्रं आणि कोरीव पेट्या मांडल्या आहेत. हीरक महोत्सवाचं साल १८९७. त्याच महोत्सवाच्या रात्री, २२ जूनला, गणेशखिंडीच्या समारंभाहून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. प्लेगच्या नावाखाली पुण्यातल्या घराघरांत शिरलेले सोल्जर आणि या चांदीच्या पेट्या एकाच वर्षाच्या. पाटीवर पुण्याचा उल्लेख नाही. आईने लेकीला तिथेच उभं करून सगळं सांगितलं, रँड, प्लेग, तिन्ही भावांची फाशी. शेजारचं एक इंग्रज जोडपं आवाज ऐकून थबकलं. काय सांगताय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. बाईंनी साल पुन्हा विचारून फोनमध्ये टिपून घेतलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मे अखेर ते जूनचा पहिला पंधरवडा सगळ्यात चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या महाग होतात आणि काउझला शिडाच्या होड्यांच्या शर्यतींची गर्दी असते. आई-वडील बरोबर असतील तर व्हेंटनरला मुक्काम करताना गावाच्या वरच्या बाजूची खोली घेऊ नका, पायऱ्या फार आहेत. नीडल्सची बोट वारा असेल तर सुटत नाही, म्हणून ती पुढच्या दिवसावर टाकू नका. आणि कॉम्प्टनला जायचं असेल तर आधी ओहोटीची वेळ बघा, बसची नंतर.